राखाडी म्हैस

शनिवार, १८ ऑक्टोबर

अव्वा म्हणाल्या, "दिवसभर मनातल्या मनात धुसफुसतीस, त्यापेक्षा लिहून काढ की कुठंतरी. घरातल्यांना तरी सुख." सासूबाईंचं मी सहसा एका कानानं ऐकते, पण आज वही काढली. आता वहीनं सोसावं.

तर झालंय असं. पतसंस्थेच्या काउंटरवरून बिनपगारी रजा घेतलीय. परत येणार की खुर्ची सोडणार, ते नोव्हेंबर संपायच्या आत मॅनेजरना सांगायचंय. रजा कशासाठी, तर फोटोसाठी. कॅमेरा घेतला, कळंब्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, बाहेर पाटी लावली. त्या पाटीखाली आजवर कोण आलं? पासपोर्टच्या फोटोवाले, आणि एक गृहस्थ, झेरॉक्स मिळेल का विचारायला.

आज मात्र गणपतराव आले, गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणतात. मागच्या गल्लीत त्यांचा गोठा आहे, आणि रस्त्यावर दूधकट्टा. म्हैस समोर पिळतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. संध्याकाळी तिथं गाडी लावायला जागा नसते. त्यांनी पाटी वाचली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "फोटू तुमीच काढता व्हय? का मालक?"

मी म्हटलं, मालक, म्हणजे पारस, मोटार-पंप विकतात, फोटो मी काढते.

"मग बरं," म्हणाले. "पाडव्याला आमची तुळसा मिरवणुकीत हाय. माणसांचं फोटू कोनबी काढतंय. म्हशीचा नीट फोटू काढनारा अजून जन्माला आला न्हाई. मला भिंतीएवढा पायजे. कट्ट्यावर लावनार. सगळ्या कोल्हापूरनं बघाय पायजे."

यंदा तुळसाला सजवायला घरात बाईमाणूस नाही, हेही सांगितलं. त्यांच्या बायको धोंडुबाई भाद्रपदात गोठ्यातच पाय घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर सांगून दमले की चाला, आणि बाई खाटेवरून पाय खाली टाकायला तयार नाहीत. पुन्हा मोडेल म्हणतात. तुळसाला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलंय, पण तेव्हापासून तिचं तोंड बघितलेलं नाही. "म्हैस खोलीत मावत न्हाई नि ही गोठ्यात येत न्हाई," मामा म्हणाले, आणि उगीचच पाटी पुन्हा वाचू लागले.

वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात भिंतीएवढा फोटोच घुमत होता. तो कट्ट्यावर झळकला तर पतसंस्थेचं तोंड बघायला नको. आणि फसला तर तेही सगळं कोल्हापूरच बघणार. देवा, काय कबूल करून बसले मी.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पहाटे बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, महावीरांचा निर्वाण लाडू चढवून आलो. अव्वा सोवळ्यात, पारस झोपेत, मी म्हशीत.

काळी म्हैस, तिच्या गळ्यात पांढऱ्या कवड्या, वर दुपारचं ऊन. याच्याइतका अवघड फोटो नाही. मोबाइलवर एका दाढीवाल्यानं सांगितलं की, कॅमेऱ्याच्या मेनूत आत एक सोय असते. काळं-पांढरं एकाच चौकटीत आलं की ती चालू करायची, मग काळंही उजळून येतं आणि पांढरंही जळत नाही. अगदी म्हशीसाठीच केल्यासारखी. चालू करून टाकली.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

नाद खुळा! दुसरा शब्द नाही.

तुळसाला काल भादरून काढलं होतं, आज तेल लावून अशी चकचकीत केलेली की तिच्या पाठीत लोकांचे फेटे दिसत होते. लांब शिंगं मागं खांद्यापर्यंत गेलेली, त्यांना रंग आणि गोंडे. कपाळावर मोरपिसांचा तुरा. गळ्यात कवड्यांच्या माळा. गणपतराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, सायलेन्सर काढलेल्या गाडीवर. त्यांनी गाडी रेटली आणि ही बया त्या आवाजामागं अशी सुटली की रस्त्याच्या दोन्ही कडांची माणसं मागं सरली. मी नाही सरले. मी रस्त्यावर पालथी पडून फोटो काढत होते. एक गुडघा शेणात.

कुणीतरी ओरडला, "ओ पावणं, कडंला सरका की! म्हैस तुमास्नी बघून लाजाय लागलीया!" सगळे हसले. मीही हसले आणि तेवढ्यात तिनं मान वळवून सरळ माझ्याकडं बघितलं. तोच फोटो. मला तिथंच कळलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितला तर काय सांगू. डोळा पाणीदार, कवडी न कवडी मोजून घ्यावी, अंगावरचं तेल चमकतंय. गणपतरावांना दाखवला. ते नुसते नाक पुसत राहिले. धुळीचा त्रास असावा.

मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले होते ते आठवत नाही. पारसला दोनदा मिठी मारली. तो म्हणाला, आधी आंघोळ कर.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

सगळे फोटो काळे.

सकाळी फोटो कॉम्प्युटरवर घेतले. मी रॉ काढले होते, म्हणजे कॅमेऱ्याला जेवढं दिसलं तेवढं सगळं कच्चं साठवून ठेवणारी फाईल. पुढं हवं तसं करता यावं म्हणून. तर फोटो उघडला की पहिल्यांदा कालच्यासारखाच छान दिसतो, आणि पापणी लवते न लवते तोच कुणीतरी खोलीतला दिवा काढून घेतल्यासारखा अंधारतो. एक नाही, सगळे. तुळसा म्हणजे नुसता काळा डाग, त्यात कवड्या लटकलेल्या. मला वाटलं स्क्रीन गेली. स्क्रीनचा उजेड वाढवला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग अव्वांच्या देवासमोर जाऊन उभी राहिले, हे मी कुणाला सांगणार नाही.

दुपारी जयसिंगपूरहून सम्मेद आला ओवाळून घ्यायला. माझा मामेभाऊ, लग्नाचे फोटो काढतो, ड्रोनसुद्धा उडवतो. ताटातला लाडू उचलत स्क्रीनकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "आक्का, एवढं काय लोड घेतीस? उजेडाचा स्लायडर ढकल की उजवीकडं. लग्नात मी नवरीला अशीच गोरी करतो."

"पण कॅमेऱ्यात उजळ होता, इथं काळा का झाला?"

"रॉ असंच असतं. का म्हणून विचारायचं नसतं."

हे उत्तर मला अजिबात पटलं नाही. पण स्लायडर ढकलला आणि खरंच सगळं दिसायला लागलं. चला, वाचले. सम्मेदनं ओवाळणी घातली, मी त्याला लाडवांचा डबा दिला.

सोमवार, २७ ऑक्टोबर

भिंतीएवढा छापायच्या आधी लहान नमुना दाखवायला गोठ्यावर गेले. गणपतरावांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "थांबा हां," म्हणून आत घेऊन गेले. आतल्या खोलीत उजेड कसला आलाय? चष्मा तिथं ठेवत असावेत.

आतून बाईचा आवाज आला. चढलेला. दुखण्यानं माणूस चिडकं होतं, त्याला कोण काय करणार. मग खाट करकरली.

मामा बाहेर आले. "ताई, ही आमची न्हवं."

"अहो, तुळसाच आहे! शिंगं बघा, तुरा बघा."

"तुरा आमचा हाय. म्हैस न्हवं. आमची काळी हाय, काळी! ही राखंत लोळल्यागत दिसाय लागलीया. चार दिस वैरण न घातल्यागत. दुसरा आना."

मी घरी येऊन फोटो नीट बघितला. बरोबर आहे त्यांचं, आणि त्याचाच राग आला. सगळ्याचा उजेड वाढवला की काळ्याचाही वाढतो, आणि काळ्याचा वाढला की उरतं ते राखाडी. नवरी गोरी झालेली चालते. म्हैस गोरी होऊन कसं चालेल? सम्मेदला फोन करून लाडवाचा डबा परत मागितला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज उलटं केलं. उजेड पुन्हा कमी केला, काळं गच्च ठेवलं. कवड्या लखलखीत आल्या, तुळसाच्या चेहऱ्यावर मात्र अमावस्या. डोळा कुठं आहे ते मलाच शोधावं लागत होतं. तरी नेला, काळी हवी ना, घ्या काळी.

पुन्हा तेच. मामा आत गेले. पुन्हा आरडाओरडा. ह्या खेपेला "इकलास व्हय?" असं काहीतरी ऐकू आलं आणि स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज. मी ओसरीवर बसून ऐकतेय आणि मनात म्हणतेय, ह्या घरात फोटोपेक्षा भांडणंच जास्त.

मामा बाहेर आले ते तोंडावर हात ठेवून. हसत होते. नक्की हसत होते! मी एवढी तीन-तीन दिवस स्क्रीनला डोळे लावून बसते आणि हा माणूस माझ्या कामाला हसतो.

"ह्यात डोळंच न्हाईत की ओ," म्हणाले. "अजून एक करून आना. सावकाश आना, काय घाई न्हाई. पर आना."

घाई नाही म्हणे. माझी रजा काय ह्यांच्या गोठ्याला बांधलीय?

रविवार, २ नोव्हेंबर

मॅनेजरना पाठवायचा मेसेज लिहून ठेवला. "सोमवारी रुजू होते." पाठवला नाही. बोट त्या बटणावर होतं.

सांगायला लाज वाटते, पण मला रडू येतंय ते म्हशीमुळं नाही. मला माहीत आहे की फोटो चांगला निघाला होता. मी तो बघितला होता, माझ्या डोळ्यांनी. मग तो गेला कुठं? मला फोटो येत नाहीत, एवढं कळलं असतं तरी मुकाट्यानं काउंटरवर जाऊन बसले असते. पण येतात आणि तरी येत नाहीत, ह्याचं काय करायचं?

पारस दुकानातून आला, माझं तोंड बघितलं. तो फार बोलत नाही. म्हणाला, "पंप चालत नसला की मी आधी पंप उघडत नाही. वायर बघतो."

"मला पंपाचं सांगू नकोस."

"बरं," म्हणाला आणि जेवायला बसला. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं आमच्यात, नाहीतर अजून भांडले असते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं!

सकाळी पारसचं बोलणं डोक्यात आलं. मी आठवडाभर कॉम्प्युटरच उघडून बसलेय. कॅमेऱ्याकडं कुणी बघितलंय? अव्वांचा लोखंडी तवा घेतला, अंगणात उन्हात ठेवला, त्यावर तांदळाचं पीठ टाकलं. काळं आणि पांढरं. झाली म्हैस. अव्वा दारात येऊन म्हणाल्या, "भाकरी करायचा तवा हाय तो. पूजा मांडलीस काय?" म्हटलं, थांबा जरा.

मेनूतली ती दाढीवाल्याची सोय चालू ठेवून एक फोटो काढला. बंद करून एक काढला. मागच्या पडद्यावर दोन्ही सारखेच उजळ. मग दोन्ही कॉम्प्युटरवर घेतले. बंद ठेवून काढलेला जसाच्या तसा राहिला. चालू ठेवून काढलेला काळा झाला! डोळ्यांदेखत!

म्हणजे ती लबाड सोय काय करते, तर पांढरं जळू नये म्हणून मुळात फोटोच अंधारा काढते. मग मागच्या पडद्यावर दाखवताना त्यातलं काळं स्वतःच उजळते आणि मला म्हणते, बघ किती छान. ते उजळणं फक्त दाखवण्यापुरतं. रॉ फाईलमध्ये ते नसतंच. कॉम्प्युटर उघडताना पहिल्यांदा कॅमेऱ्यानं चिकटवलेलं ते छोटं उजळ चित्र दाखवतो, आणि मग स्वतः खरी फाईल वाचतो. तिच्यात जेवढा उजेड आहे तेवढाच दाखवतो. त्याचा काही दोष नाही बिचाऱ्याचा. मी त्याला काय काय शिव्या दिल्यात.

आणि मुख्य म्हणजे अंधारात काही हरवलेलं नाही. डोळा तिथंच आहे, तेल तिथंच आहे. सगळ्याला सरसकट उजळायचं नाही, एवढंच. उजेड वर घ्यायचा आणि सगळ्यात गर्द काळं आहे त्याला पुन्हा खाली बसवायचं. मग फक्त चेहऱ्यावर, डोळ्याभोवती हलक्या हातानं.

संध्याकाळपर्यंत तेच करत होते. आणि तुळसा आली. पाडव्याला जशी माझ्याकडं बघत होती तशीच्या तशी आली. काळी कुळकुळीत, आणि डोळ्यात मी दिसतेय, रस्त्यावर पालथी पडलेली. मी मोठ्यानं ओरडले. अव्वा धावत आल्या, फोटो बघितला आणि पहिल्यांदा काही टोचून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "नजर लागंल तिला."

मॅनेजरचा मेसेज पुसून टाकला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मी त्या गोठ्याची पायरी पुन्हा चढणार नाही.

आज फोटो नेला. मोठ्या ऐटीत नेला. गणपतरावांनी बघितला आणि मटकन ओसरीवर बसले. "हीच," म्हणाले. "हीच की ओ. अशीच बघती ती. अगदी अशीच." डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं. वाटलं, जिंकलं.

मग आत घेऊन गेले. मी वाट बघतेय, आज तरी आत कुणी ओरडत नाही, सगळं शांत. कौतुक चाललं असणार.

बाहेर आले तर चेहरा उतरलेला. फोटो माझ्या हातात परत दिला. "ताई, कट्ट्यावर हाच लावायचा. पर आत हा चालायचा न्हाई. आत ती मागली द्या. राखंतली."

"काय?"

"ती पांडुरकी वो. जमलं तर आनी जरा वंगाळ करून द्या."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. थट्टा करायला मीच सापडले का, आधी राखाडी म्हणून परत केली, आता तीच पाहिजे, तुम्हाला नेमकं काय कळतं, असं बरंच. ते ऐकून घेत उभे राहिले. "आवो, ऐका तरी," एवढंच म्हणत होते. मी नाही ऐकलं. चपला घालताना डावी-उजवी उलटसुलट झाली, तशीच घरी आले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी गणपतराव दारात, हातात दुधाची किटली. अव्वांनी बसायला पाट दिला. मी आत भांडी आपटत होते. अव्वा येऊन म्हणाल्या, "बाहेर ये. तो माणूस रडाय लागलाय."

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"पैला फोटू तुमी आनला, राखाडी. मी आपला हिला दावाय नेला. म्हटलं, म्हैस येत न्हाई तर फोटू तरी बघू दे. तर ही बघून कडाडली की माझ्यावर! माझ्या म्हशीला उपाशी मारतोस, तेल लावत न्हाईस, आजारी पाडलीस! आनि रागाच्या भरात उठून बसली, ताई. धा मानसं उठवत हुती तवा उठली न्हाई, ती उठून बसली. दुसरा आनला, त्यात काय दिसंना. तर म्हनाली, म्हैस इकलास आनि मला फसवाय लागलाईस. तांब्या फेकून मारला मला. आनि तो फेकाय हुबी ऱ्हायली! दवाखान्यातनं दिलेला चालायचा वाकर धरून हुबी! मला हसू येत हुतं नि रडूबी येत हुतं. गेलं चार दिस वाकर धरून उंबऱ्यापतोर यायची, तितनंच मला शिव्या द्यायची. आनि काल तुमी हा झ्याक फोटू आनला. तिनं बघितला. म्हनाली, बरी हाय की म्हैस. आनि गप पडून ऱ्हायली. सांजंपास्नं पाय खाली टाकला न्हाई."

आणि मला वाटत होतं चष्मा आत आहे.

खोलीत गेले, कॉम्प्युटर चालू केला. मामा मागं उभे राहिले. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मी उघडला आणि उजेडाचा स्लायडर उजवीकडं ढकलायला लागले.

"आजून," मामा म्हणाले. "आजून जरा. हां, आता कशी चार दिस ताप आल्यागत दिसती."

"बरगड्या दाखवू काय?"

"दावा की!"

अव्वा दारातून म्हणाल्या, "पाप लागंल तुम्हा दोघांना." पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

मॅनेजरना फोन करून टाकला. येत नाही म्हटलं. ते म्हणाले, नीट विचार करा. केला. कशामुळं केला ते लिहिते.

सकाळी गोठ्यावर गेले. ह्या खेपेला मामा मला आत घेऊन गेले. धोंडुबाईंना मी पहिल्यांदा बघितलं. बारीक चणीची बाई, डोळे मात्र असे की मी दारातच थांबले. काल नवा काढलेला फोटो म्हणून मामांनी तो आजारी फोटो त्यांच्या हातात दिला. एवढ्या सरळ माणसाला फसवायचं?

त्यांनी बघितलं. मग आवाज फुटला.

"आगं माझी बाय! काय दशा केलीस रं हिची! मुडद्या, पेंड कोनाच्या घशात घालतोस? सरक! सरक म्हंते न्हवं!"

वॉकर ओढला. मामा हात द्यायला गेले तर त्यांच्या हातावर फटका. उंबऱ्यापाशी थांबल्या, एवढ्यावरच नेहमी थांबायच्या. त्यांनी खाली बघितलं, मग हातातल्या फोटोकडं बघितलं, आणि वॉकर उंबऱ्यापलीकडं टाकला. अंगणात ऊन होतं. तोंडानं मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता आणि पाय चालत होते. मामा मागून रडत शिव्या खात होते. मी त्यांच्या मागं, हातात खऱ्या फोटोची गुंडाळी, कशासाठी घेतली होती कुणास ठाऊक.

गोठ्यात तुळसा रवंथ करत उभी. काळीभोर, तकतकीत. बाईंचा आवाज ऐकला आणि दाव्याला असा हिसका दिला की खुंटा हलला. हंबरली. बाईंनी वॉकर सोडला. सोडलाच! तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि तिच्या कानाला तोंड लावून काय काय बोलत राहिल्या. आम्ही दोघं दाराशी.

मग त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात उलटा करून तळवा बघितला. तेल.

"रोज लावतोस?"

"लावतो की," मामा हळूच म्हणाले.

"मग फोटूत अशी का?"

मामा माझ्याकडं बघू लागले. मला नाही राहवलं. म्हटलं, "मावशी, मी मुद्दाम तशी केली. खरा फोटो हा." आणि गुंडाळी उलगडून धरली.

त्यांनी तो बघितला, म्हशीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आता मला तांब्या बसणार. पण त्या खाली बघत होत्या. स्वतःच्या पायांकडं, गोठ्यातल्या त्याच फरशीवर टेकलेल्या. तुळसा त्यांच्या खांद्याला नाक घासत होती.

"दोगंबी लबाड हाईसा," म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि मला जवळ बोलावलं. "तुझं नाव काय गं?"

"प्राची."

"प्राची, ही काळी कट्ट्यावर लाव. लोकास्नी बघू दे. आनि ती राखाडी माझ्या खाटंम्होरं टांग. सकाळी उठल्या उठल्या मला राग याय पायजे."

खिळा मी स्वतः मारला.